निळी बादली

रविवारी सकाळी आठ वाजता आईनं फळीवरून बटणांचा डबा खाली काढला, तेव्हा धाकट्यानं बायकोकडे बघून हळूच भुवई उडवली. डबा निघाला म्हणजे विषय मतदानाला आला, आणि मतं तर त्यानं आठवडाभर आधीच गोळा करून ठेवली होती.

या घरात भांडणं तोंडानं व्हायची, पण निकाल बटणांनी लागायचा. तिन्ही मुलं लहान असताना खिडकीजवळच्या पलंगासाठी एकमेकांची डोकी फोडायला निघाली, तेव्हा बाबांनी ही पद्धत सुरू केली. आई कपडे शिवायची, त्यामुळे बटणांना तोटा नव्हता. प्रत्येकाला एक पांढरं आणि एक काळं. पांढरं म्हणजे हो, काळं म्हणजे नाही. मूठ मिटून तोटी तुटलेल्या किटलीत हात घालायचा, हवं ते बटण सोडायचं आणि उरलेलं मुकाट्यानं डब्यात परत टाकायचं. पुढे बाबा गेले, अंगणात भिंत आली, दोन्ही भावांचं बोलणं 'हो', 'नाही' आणि 'बघू' एवढ्यावर आलं, तरी किटली कुणी टाकून दिली नाही. अंगणाबद्दल एकट्यानं काही ठरवायचं नाही, हा बाबांचा नियमही कुणी मोडला नाही.

आजचा प्रश्न सफरचंदाच्या झाडाचा होता. तोडायचं की ठेवायचं.

धाकटा लोकांची घरं रंगवायचा आणि स्वतःच्या घरात त्याला पाय ठेवायला जागा नव्हती. शिड्या जिन्यात, रंगाचे डबे न्हाणीघरात, ब्रश स्वयंपाकघराच्या खिडकीत. गेल्या महिन्यात आईचा पाय एका उघड्या डब्यात गेला आणि आठ दिवस तिच्या डाव्या पायाची नखं पोपटी राहिली. आईला ती आवडली होती, पण ते तिनं कुणाला सांगितलं नाही. धाकट्याला सामानासाठी एक खोली बांधायची होती, आणि खोली बसेल एवढी जागा अंगणात एकाच ठिकाणी होती. तिथे झाड उभं होतं.

झाडाचा कुणाला कळवळा यावा असं त्यानंही काही केलं नव्हतं. दरवर्षी ते असं फुलायचं की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत. मग पाकळ्या गळायच्या आणि मागे एक फळ धरायचं नाही. अकरा वर्षं हाच खेळ.

"आशेला लावतं आणि तोंडाला पानं पुसतं," धाकट्याची बायको, घरातली धाकटी, म्हणायची.

धाकटी बेकरीत कामाला होती आणि पहाटे घराबाहेर पडायची. फळ का धरत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी, भिंत बांधून झाल्यावर दोनच महिन्यांनी, कामावर जायला निघताना तिनं आपल्या जावेला भिंतीपलीकडे उभं राहून झाडाच्या मुळाशी बादली रिकामी करताना पाहिलं होतं. बादली निळी होती. थोरलीची कपडे भिजवायची बादली निळी होती. दोन अधिक दोन चार, यापुढे धाकटीला हिशेब करायची गरज वाटली नाही. साबणाचं पाणी, तेही मुळाशी. तोंडावर ती कधी काही बोलली नाही, पण गल्लीत असं एकही घर उरलं नाही जिथे तिनं 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय' हे वाक्य सोडलं नव्हतं. त्या दिवसापासून थोरली तिची 'ताई' राहिली नाही, 'जाऊबाई' झाली.

सव्वाआठला आक्का आली. तिन्ही भावंडांत मोठी, दवाखान्यात नर्स, आणि अजूनही दोन्ही भावांना ताप आलेल्या पोरांसारखं वागवणारी. तिचं मत धाकट्यानं तिच्या पुढच्या खोलीला फुकट रंग लावून द्यायच्या बोलीवर मिळवलं होतं. आत येताच तिनं धाकट्याच्या पाठीवर थाप मारली आणि फिका निळा चालेल म्हणून सांगितलं.

धाकट्याला ठाऊक नव्हतं की आदल्या दिवशी आक्का थोरल्याच्या दुकानातही जाऊन आली होती. थोरला घड्याळं दुरुस्त करायचा. तिच्या भिंतीवरचं सहा वर्षं बंद पडलेलं घड्याळ त्यानं स्वतःहून काढून न्यायचं कबूल केलं होतं, आणि त्या बदल्यात आक्कानं झाड वाचवायचा शब्द दिला होता.

थोरला आणि थोरली शेवटी आली. घर भिंतीपलीकडे, दहा पावलांवर. पण भिंतीत दार नव्हतं, म्हणून दोघांना अख्ख्या गल्लीला वळसा घालून यावं लागलं. थोरल्यानं कपाळावर घड्याळजीचं भिंग तसंच चढवलेलं होतं. ते काढायचं विसरून तो लग्नाकार्यालाही जाऊन आलेला माणूस. थोरली शाळेच्या वाचनालयात होती. ती खुर्चीच्या कडेवर बसली, हात मांडीवर ठेवले आणि खिडकीतून झाडाकडे बघू लागली. झाड नेमकं आजच पुरतं फुललं होतं. पांढऱ्या फुलांना कडेकडेनं गुलाबी छटा होती.

धाकटीनं सगळ्यांपुढे बेकरीतले गोड पाव ठेवले. जावेपुढेही ठेवले, फक्त बशी जरा जोरात ठेवली.

धाकट्यानं आपली बाजू मांडली. जिना, न्हाणीघर, आईची नखं, सगळं सांगितलं. झाड तोडायचं त्यालाही वाईट वाटतं, बाबांच्या हातचं आहे, पण घरच्यांना उभं राहायला जागा नाही तिथे नुसत्या फुलांचे लाड किती करायचे, असं त्याचं म्हणणं होतं. खोटं त्यात काही नव्हतं.

"दादा, तुझं काय म्हणणं आहे?" त्यानं शेवटी विचारलं.

"बघू," थोरला म्हणाला.

थोरल्याच्या मनात मात्र 'बघू' नव्हतं. तो काळं बटण टाकणार होता आणि कारण विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. बाबांनी झाडं दोन लावली होती, एक लाल फळाचं, एक पिवळ्या. धाकट्याला लाल दिलं, त्याला पिवळं. बाबा गेल्यावर अंगणाची वाटणी झाली आणि भिंतीची दोरी नेमकी त्याच्या झाडाच्या बुंध्यावरून गेली. भिंत हातभर सरकवली असती तर भागलं असतं. धाकटा म्हणाला, तुझ्या बाजूला सरकव. तो म्हणाला, तुझ्या बाजूला. हातभर जागेवरून तीन आठवडे घरात कुणी धड जेवलं नाही. शेवटी एका संध्याकाळी रागाच्या भरात त्यानं स्वतः करवत आणली आणि फुलांनी भरलेलं आपलं झाड आडवं केलं. त्याला वाटलं होतं, धाकटा धावत येईल आणि हात धरेल. धाकटा खिडकीत उभा होता. त्याला वाटलं होतं, दादा अर्ध्यात थांबेल. थोरला त्या दिवसाबद्दल कुणाशी एक अक्षर बोलला नव्हता. एका माणसानं जन्मात एवढं एक झाड पाडलं तेवढं पुरे, असं त्याला वाटायचं.

आई बटणं वाटू लागली तेवढ्यात फाटक वाजलं. खांद्याला दोर आणि हातात करवत घेतलेला एक जाडजूड माणूस अंगणात शिरला.

"हा कोण?" आईनं विचारलं.

धाकट्याचे कान लाल झाले. झाड तोडणाऱ्याला त्यानं दहा वाजता बोलावलं होतं, तो नऊलाच आला होता.

"म्हणजे आमची मतं व्हायच्या आधीच," आक्का म्हणाली. "बाजारात तुरी."

पुढची म्हण तिनं पुरी केली नाही, पण थोरल्याला हसू आलं आणि ते लपवायला त्यानं भिंग डोळ्यावर ओढलं. धाकट्यानं ते पाहिलं. किती वर्षांनी दादा आपल्यावर हसतोय, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला म्हणावा तेवढा राग आला नाही.

आलेल्या माणसाला माघारी पाठवणं आईच्या स्वभावात नव्हतं. ती उठून अंगणात गेली, म्हणून सगळे गेले. करवतवाला झाडाभोवती फिरत होता. त्यानं बुंध्यावर हात फिरवला, नखानं साल खरवडली, एक फांदी वाकवून बघितली. मग करवत भिंतीला टेकवून ठेवली.

"चांगलं निरोगी झाड आहे," तो म्हणाला. "हे कशाला तोडताय?"

"फळ धरत नाही," धाकटा म्हणाला.

"कधीच धरलं नाही?"

"आधी खूप धरायचं. अकरा वर्षं झाली, बंद झालं."

"मग अकरा वर्षांपूर्वी काय झालं?"

प्रश्न साधा होता, पण अंगणात कुणी हलेना. आईनं पदराशी चाळा केला. आक्कानं उगाच आकाशाकडे बघितलं. धाकटीच्या मात्र ओठांवर अकरा वर्षं थोपवून धरलेलं वाक्य आलं होतं, आणि ते आता परत जाणार नव्हतं.

"ते आमच्या जाऊबाईंना विचारा," ती म्हणाली. "मुळाशी साबणाचं पाणी ओतल्यावर कुठलं झाड फळ धरेल? मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

धाकट्यानं डोळे मिटून घेतले. थोरला बायकोकडे वळला. ही गोष्ट गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होती, फक्त त्याला नव्हती.

थोरलीला या आरोपाची बातमी पहिल्याच वर्षी आक्कानं दिली होती. त्या रात्री ती रडली होती. दुसऱ्या दिवशी तिनं ठरवलं, जिला आपल्याला विचारावंसंही वाटत नाही, तिला आपण होऊन काही सांगायचं नाही. तो हट्ट तिनं अकरा वर्षं सांभाळला आणि त्यात तिचंच जास्त नुकसान झालं, हे तिला कळत होतं. लग्न होऊन या घरात आल्यावर तिची पहिली मैत्रीण ही जाऊच होती.

"ओतत होते," थोरली म्हणाली. "पाणी. नुसतं पाणी. आमच्या घरात बादली एकच आहे, तिला मी काय करू?"

"पाणी कशाला ओतेल कुणी दुसऱ्याच्या झाडाला?"

थोरली काही बोलणार, तोच करवतवाला मध्ये पडला. त्याला या घरातलं काही ठाऊक नव्हतं आणि झाडातलं सगळं ठाऊक होतं.

"एक सांगा," त्यानं धाकटीला विचारलं. "उन्हाळ्यात याला पाणी कोण घालतं?"

"कुणी नाही. एवढ्या मोठ्या झाडाला काय पाणी घालायचं?"

"गेली दोन वर्षं केवढा कोरडा उन्हाळा होता. मी या भागात अशी नऊ झाडं उतरवली, वाळून कोळसा झालेली. हे नुसतं उभं नाही, हे पोसलेलं आहे. रोज कुणीतरी घातल्याशिवाय असं राहत नाही. आणि साबणाचं पाणी अकरा वर्षं पडलं असतं तर मला करवत आणावीच लागली नसती."

धाकटीनं झाडाकडे पाहिलं. मग जावेकडे.

"आमचं झाड यांनी पाडलं, तेव्हा ते फुललेलं होतं," थोरली हळूच म्हणाली. "मी सगळा पाला दोन दिवस उचलत होते. मला वाटलं, एक गेलं, निदान दुसरं जगू दे. तुमच्या अंगणात यायचं तोंड नव्हतं, म्हणून पहाटे भिंतीवरून ओतायचे. उन्हाळ्याचे चार महिने, रोज."

थोरल्यानं भिंग काढून खिशात टाकलं. त्याला सगळं एकदम स्वच्छ दिसायला लागलं होतं, आणि त्यासाठी भिंगाची गरज नव्हती.

"दुसरं झाड?" करवतवाल्यानं कान टवकारले. तो भिंतीशी गेला, टाचा उंच करून पलीकडे डोकावला. भिंतीला चिकटून जुना, करडा पडलेला बुंधा होता. "हे पण सफरचंदच? याच वाणाचं?"

"नाही. ते पिवळं होतं, हे लाल."

"कुणी तोडलं?"

"मी," थोरला म्हणाला.

करवतवाल्यानं त्याच्याकडे असं पाहिलं, जसा डॉक्टर औषध गटारात ओतणाऱ्या रोग्याकडे पाहतो. मग त्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं. सफरचंद एकट्यानं फळ धरत नाही. मधमाशी एका वाणाच्या फुलातले परागकण दुसऱ्या वाणाच्या फुलावर नेते, तेव्हा कुठे धरतं. म्हणून शहाणा माणूस ती जोडीनं लावतो. इतकं सोपं होतं. झाडाला काही झालं नव्हतं, त्याचा जोडीदार गेला होता.

आई मटकन पायरीवर बसली.

"विकणारा एकटं देतच नव्हता," ती म्हणाली. "दोन न्या नाहीतर एकही नको, म्हणायचा. तुमचे बाबा वाटभर कुरकुरत आले. म्हणाले, लबाड आहे मेला, एकाच्या जागी दोन गळ्यात मारली. मग म्हणाले, जाऊ दे, मुलगेही दोनच आहेत."

"मुलगी मोजायचं राहिलं वाटतं," आक्का म्हणाली.

"तुला शिलाई मशीन दिलं."

"ते अजून चालतं," आक्का म्हणाली. "कुणी आडवं केलं नाही म्हणून."

पहिल्यांदा धाकटा हसला. मग थोरला. हसता हसता थोरल्याचे डोळे भरून आले आणि तो भावाला म्हणाला, "अरे, तू त्या दिवशी आला का नाहीस? मी तुझीच वाट बघत होतो."

"तू थांबशील म्हणून," धाकटा म्हणाला. "हळूहळू तर कापत होतास."

"तुला यायला वेळ मिळावा म्हणून हळू कापत होतो, गाढवा."

अकरा वर्षांत दोघा भावांमध्ये झालेलं हे सर्वांत मोठं संभाषण होतं, आणि त्यातला शेवटचा शब्द धाकट्याला फार गोड लागला.

मतदान करायचं की नाही यावर थोडा वाद झाला. आईनं निकाल दिला की बटणं वाटली आहेत, तेव्हा मत पडलंच पाहिजे. किटली पायरीवर ठेवली. एकेकानं हात घातला, उरलेलं बटण डब्यात टाकलं. करवतवाला पाव खात शेजारी उभा राहून बघत होता. लोक साध्या झाडासाठी एवढा व्याप करतात हे त्याला नवीन होतं.

आईनं किटली उपडी केली. माणसं सहा होती. बटणं सात निघाली. सहा काळी, एक पांढरं.

सगळे धाकट्याकडे बघू लागले. त्यानं दोन्ही हात वर केले.

"पांढरं माझं आहे," आक्का म्हणाली. "एक काळंही माझंच आहे. मी दोघांनाही शब्द दिला होता. मला फिका निळा रंगही हवा आणि घड्याळही हवं."

आईनं तिला एक मत बाद म्हणून सांगितलं. कोणतं ते सांगायची गरज नव्हती.

एवढ्यानं धाकट्याच्या शिड्यांची सोय होत नव्हती, ते थोरल्याच्याच लक्षात आलं. त्याच्या अंगणात झाड गेल्यापासून बुंध्याशिवाय काही नव्हतं. पलीकडच्या टोकाला खोली बांध, तो म्हणाला. मात्र भिंतीलगत एक खड्डा मी ठेवणार, पिवळ्या सफरचंदाचं रोप आणून लावणार. आणि शिड्या गल्लीतून वळसा घालून कोण आणणार, असं आईनं विचारल्यावर भिंतीत दार पाडायचं आपोआपच ठरलं. हातभर रुंद दार पुरे, असं धाकटा म्हणाला. त्यावर दोघं पुन्हा हसले.

"पण रोप मोठं व्हायला पाच-सहा वर्षं लागतील," धाकटी म्हणाली. झाडाच्या बाबतीत तिनं नरमाईनं काढलेला तो पहिला शब्द.

करवतवाल्यानं त्यालाही तोड सांगितली. दुसऱ्या वाणाच्या चार फुललेल्या फांद्या आणायच्या, पाण्याच्या बादलीत उभ्या करायच्या आणि बादली या झाडात टांगायची. बाकीचं मधमाश्या बघतील. फक्त फुलं आहेत तोवरच, म्हणजे फार तर आठवडाभर. पण एवढ्या घाईत दुसरं फुललेलं झाड कुठे मिळणार, ते त्याला सांगता येईना.

थोरलीला ठाऊक होतं. तिच्या वाचनालयाच्या खिडकीबाहेरच एक होतं. पिवळ्या फळांचं, आणि शेजारी त्याच्या जोडीचं लाल. अकरा वर्षं ती मुलांच्या पुस्तकांवर शिक्के मारत त्या फळांकडे बघत आली होती आणि घरच्या पिवळ्या झाडाची आठवण काढत आली होती. तिनं मुख्याध्यापिकेला फोन केला. चार फांद्या मिळाल्या, थोरला धाकट्याच्या सायकलवरून जाऊन घेऊन आला.

बादली कुठली, हा प्रश्न कुणी विचारला नाही. थोरली घरी जाऊन आपली बादली घेऊन आली. निळीच. या वेळी ती भिंतीशी थांबली नाही, फाटकातून भर दिवसा आत आली आणि सगळ्यांच्या देखत झाडाखाली येऊन उभी राहिली. धाकट्यानं शिडी लावली. शिडीवर कोण चढणार म्हणून दोघे भाऊ पुढे झाले, पण धाकटीनं आधीच शिडीचे दोन्ही खांब घट्ट धरले होते.

"चढा," ती जावेला म्हणाली. "मी धरलीय."

माफी मागायची म्हणजे काय म्हणतात ते तिला त्या क्षणी आठवेना. ती नुसती शिडी धरून उभी राहिली. हात दुखायला लागले तरी तिनं ती कुणाला धरू दिली नाही.

पाकळ्या गळाल्या. नंतरचे पाच आठवडे त्या झाडाकडे कुणी बघत नाही असं सगळे दाखवत होते. धाकटा रंगाचं काम संपवून उगाच अंगणात बसायचा. थोरला दुकानाला जाताना आता नव्या दारातून जायचा, जे मुळात दुकानाच्या वाटेवर नव्हतंच. आईनं चष्म्याचा नंबर वाढवून घेतला.

एका पहाटे धाकटी कामावर निघाली होती. सवयीनं तिनं झाडाकडे नजर टाकली आणि जागीच थांबली. पिशवी खाली ठेवून ती झाडाखाली गेली, एक फांदी खाली ओढली, मग दुसरी. मग ती बेकरीच्या वाटेला न लागता भिंतीतल्या दाराकडे वळली.

थोरली आपल्या स्वयंपाकघरात बादली भरत होती. उन्हाळा लागला होता. मागच्या दारात जाऊ उभी बघून तिनं नळ बंद केला. धाकटी या घरात अकरा वर्षांनी आली होती आणि तिच्या केसांत एक वाळकी पाकळी अडकलेली होती.

"ताई, जरा येता?" धाकटी म्हणाली. "मला चौदा दिसताहेत. पण माझ्या डोळ्यांचं काय खरं नाही. तुम्ही मोजा."

थोरलीनं बादली उचलली. दोघी दारातून पलीकडे गेल्या. अजून नीटसं उजाडलं नव्हतं. थोरलीनं पानं बाजूला सारत, एकेका गाठीएवढ्या हिरव्या फळाला बोट लावत सगळं झाड मोजलं. बुंध्याशी वाकून खालची एक फांदीही उचलून बघितली.

"पंधरा आहेत," ती म्हणाली.

"बघा," धाकटी म्हणाली, आणि बादलीची दुसरी कडा धरून तिनं ती झाडाच्या मुळाशी ओतायला हात लावला.